काचेतली अक्का

“डाव्या हातातून घ्या म्हणावं,” अक्का म्हणाली. “उजवा मला बोलायला लागतो.”

रक्त घ्यायला आलेल्या सिस्टर रबरी पट्टा आवळता आवळता थांबल्या आणि माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांना नुसता हवेत फिरणारा हात दिसला होता. माझी थोरली बहीण कुमुद जन्मापासून बहिरी. ती जे काही बोलायची ते हातांनी.

“काय म्हणतायत?”

“डाव्याच हातातून घ्या म्हणते.”

“मग डाव्यालाच तर बांधलंय. त्यांना सांगा, मूठ आवळून धरा.”

अक्काला ते ओठांवरून कळलं. तिने मूठ वळायला घेतली, पण बोटं तळव्याच्या अलीकडेच थांबली. पुढे जाईनात. सांधे लालसर, तकतकीत, भिजवलेल्या वाटाण्यासारखे फुगलेले. सिस्टरनी ते पाहिलं आणि “राहू द्या ताई, राहू द्या,” म्हणत शीर चाचपून सुई घातली.

अक्काने सुईकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हाताने तिचं बोलणं चालूच होतं.

“या पेशी नेऊन तू काय करणार?”

“त्यांना गप्प बसायला शिकवणार.”

“जमलं तर मलाही शिकव. माझ्या वर्गात उपयोगी पडेल.”

मी हसले. सिस्टरनाही काही न कळता हसू आलं. अक्काच्या चेहऱ्यातच ते होतं, तिचा विनोद समोरच्याला भाषेआधी पोचायचा.

मी तेव्हा कऱ्हाडच्या एका फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करत होते. घर उंब्रजला. घराच्या पुढच्याच खोलीत आमचा डंका होता, मिरची-मसाला कांडायचा. तो सुरू झाला की भिंती हलायच्या आणि कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळेच हातांनी बोलायचे. आबा गिऱ्हाइकाला ‘तासाभरानं या’ हातानेच सांगायचे, आई ‘ताटं घेतलीत’ हातानेच सांगायची. अक्काला ऐकू येत नाही हे घरात उशिरा लक्षात आलं ते त्यामुळेच. मी तर तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागले. माझं पहिलं बोलणं अक्काशी झालं आणि पुढेही जे काही मनातलं बोलले ते तिच्याशीच.

अक्का बोलघेवडी होती. तिला कुणी मुकी म्हटलं की ती माझ्याकडे वळून विचारायची, “मुकं कोण? मी?” एखाद्या लग्नाला जाऊन आली की नवऱ्यामुलाच्या आत्यापासून वाढप्यापर्यंत सगळी माणसं तिच्या दहा बोटांतून आमच्या माजघरात यायची. आई पोट धरून हसायची. कऱ्हाडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ती शिक्षिका झाली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मुलं मधल्या सुट्टीत डबे सोडून तिच्याभोवती कोंडाळं करायला लागली. लाइट गेली की आम्ही दोघी एकमेकींचा तळहात हातात घेऊन त्यावर खुणा करत बोलत बसायचो. तिच्या बोटांची ती हलकी, भरभर चाललेली टोचणी मला अजून आठवते. मंडईत, बसमध्ये, कुठेही असताना माझा तळहात एकदम हुळहुळतो.

तिशी ओलांडली आणि तिला संधिवाताने धरलं. म्हातारपणी गुडघे धरतात तो हा नव्हे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि घरच्याच सांध्यांवर चालून जातात, तो. सकाळी उठली की अक्काची बोटं धरलेली असायची. आई कोमट पाण्याचं पातेलं समोर ठेवायची, त्यात हात बुडवून ती बसून राहायची. तेवढा वेळ ती खरोखरच मुकी असायची. काही विचारलं तर डोळ्यांनीच सांगायची, थांब. मग ऊन अंगणात आल्यावर बोटं थोडी सुटायची आणि दिवसाचं पहिलं वाक्य यायचं. आधी तिच्या लांबलचक गोष्टी बंद झाल्या, मग नकला. पुढे पुढे ती हो, नाही, बघू, एवढ्यावर भागवायला लागली. शाळेत मुलांशी बोलायचं म्हणून घरी हात राखून ठेवायची.

पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या गोळ्यांनी तिचं लिव्हर बिघडलं. नवी इंजेक्शनं निघाली होती, पण लहानपणी तिला टीबी होऊन गेला होता आणि त्या इंजेक्शनांनी तो पुन्हा उठेल अशी डॉक्टरांना भीती. राहिल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी बोटं जरा सैल पडायची, पण तोंड सुजायचं, साखर चढायची, हाडं ठिसूळ व्हायला लागली होती. गोळी कमी केली की हात पुन्हा जिथल्या तिथे.

माझ्या संशोधनाचा विषय मी निवडला असं सगळ्यांना वाटायचं. निवडायला दुसरं होतं काय?

मी तिला तो समजावून सांगितला होता तो आमच्या अंगणात बसून. आपल्या अंगात काही पेशी अशा असतात की त्या बाहेरून आलेलं काहीही गिळतात. मी मूठ उघडून मिटून दाखवली, तोंडासारखी. या पेशी राखणदार. त्यांनी शत्रू पाहिला की त्या ओरडतात, बाकीच्यांना बोलावतात, आणि मग सूज येते. तुझ्या सांध्यांत शत्रू कुणीच नाही, तरी त्या ओरडतायत.

“म्हणजे आमचे हेडसर,” अक्का म्हणाली.

“तसंच. आता गोळी घेतलीस की औषध सगळ्या अंगभर जातं, जिथे नको तिथेही. म्हणून मी ते औषध फार बारीक कणांत भरते. इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. राखणदाराला वाटतं, कुणीतरी परकं आलं. तो ते गिळतो. कण त्याच्या पोटात विरघळतो, औषध आतल्या आत सुटतं आणि तो शांत होतो. बाकी अंगाला पत्ता नाही.”

या कणाला, आमच्या भाषेत नॅनोकणाला, अक्काने तिथल्या तिथे खूण तयार केली. अंगठा आणि तर्जनी जिरं चिमटीत धरल्यासारखी चोळायची आणि त्याच वेळी डोळे मिटायचे. दिसत नाही इतका लहान. मी पुढे किती परिषदांत त्या कणांवर बोलले, पण याहून नेमकं नाव मला कुठे ऐकायला मिळालं नाही.

रुग्णांच्या रक्तातल्या पेशींवर प्रयोग करायला कॉलेजच्या समितीची परवानगी होती. काही रुग्ण तयारही झाले होते. अक्का स्वतःहून म्हणाली, माझंही घे. माझे गाइड मुजावर सर, त्यांना ते फारसं पटलं नाही.

“पिसाळ,” ते म्हणाले, “घरच्या माणसाच्या पेशी घेतल्यास की भिंगाखाली तुला पेशी नाही, घरचं माणूस दिसणार.”

“सर, नळीवर नाव नसतं. नुसता नंबर असतो.”

“तुला नंबर पाठ असणार आहे,” सर म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

सरांचं खरं ठरलं. रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी मी प्लेटमध्ये ठेवल्या. आठवडाभरात त्या तळाला चिकटून, हातपाय पसरून मोठ्या झाल्या. उरलेल्या काही नळीत गोठवून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवून दिल्या. रोज सकाळी कॉलेजात गेल्याबरोबर मी सगळ्यात आधी तिची प्लेट भिंगाखाली धरायचे. घरी ती पातेल्यात हात बुडवून मुकी बसलेली असायची आणि इकडे तिच्याच पेशी इवली बोटं पसरून काचेवर हलताना दिसायच्या. मी कुणाला बोलले नाही, पण मला वाटायचं, या बोलतायत.

मग त्यांना चिथावलं. जंतूच्या कवचाचा अंश घातला की या पेशी खवळतात. प्लेटमध्ये ओळीने इवल्या वाट्या असतात, त्यांतल्या काहींत नुसत्या खवळलेल्या पेशी ठेवल्या. काहींत रिकामे कण घातले आणि काहींत औषध भरलेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरचं पाणी काढून त्यात दाह किती आहे ते मोजायचं. या चाचणीत शेवटी रंग येतो. दाह जितका जास्त, तितका पिवळा गडद.

तो शनिवार होता. अक्काची शाळा अर्ध्या दिवसाची, म्हणून ती परस्पर प्रयोगशाळेत आली. मी तिला अॅप्रन घालायला दिला. बटणं मीच लावली. तिने लावू दिली, पण नजर दुसरीकडे ठेवली.

“आता बघ,” मी म्हटलं आणि एकेका वाटीत आम्लाचा थेंब सोडत गेले.

निळसर दिसत होतं ते पिवळं होत गेलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, हळदीच्या पाण्यासारखी गच्च पिवळी. तिसरी ओळ भरत आले आणि माझाच हात थांबला. तिथे रंग जवळजवळ नव्हताच. ताकावरच्या निवळीसारखा, असून नसल्यासारखा.

अक्काने वाकून पाहिलं. मग बोट न लावता दाखवलं.

“ही कोण?”

“तूच. पहिलीही तूच, दुसरीही तूच. या ओळीत तुझ्या पेशींनी औषध भरलेले कण गिळलेत.”

“आणि गप्प झाल्या?”

“गप्प झाल्या.”

माझे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं चाललेलं काम पहिल्यांदाच असं उघड, साध्या डोळ्यांना दिसत होतं, तेही तिच्या देखत. मला वाटलं ती मला मिठी मारेल. ती मात्र त्या फिक्या ओळीकडे बघत राहिली. कुणाच्या तरी घरात खिडकीतून डोकवावं तशी. मग सरळ झाली आणि म्हणाली,

“मला दे.”

“काय?”

“यांना दिलंस ते.”

मला कळलं होतं, तरी मी न कळल्यासारखं केलं. “अक्का, हे वाटीतलं आहे. अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही.”

“मग मी उंदीर.”

“असं नसतं.”

“कसं असतं ते मला सांगू नकोस. फ्रीजमध्ये आहे ना? सुई आहे. शीर माहीत आहे. सरांना बोलाव.”

सर आतल्या खोलीत होते. मी त्यांना बोलावून आणलं. खरं तर ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि ते त्यांनी म्हणावं, मला म्हणायला लागू नये, म्हणूनच मी धावत गेले. पण एवढं सगळं ओठांवरून कळण्यासारखं नव्हतं, मग अक्काचं त्यांना आणि त्यांचं अक्काला सांगणार कोण? मीच.

“ही म्हणते, कण मला द्या. माझ्या जबाबदारीवर.”

सरांनी प्लेट पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते अक्काकडे बघून बोलायला लागले, माझ्याकडे बघून नाही. एवढं त्यांना कळत होतं.

“सांग त्यांना, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं.”

मी सांगितलं.

“सांग, हे कण रक्तात गेल्यावर कुठे जाऊन बसतील ते आपल्याला माहीत नाही. लिव्हरमध्ये जास्त जातील असा अंदाज आहे. त्यांचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे.”

मी सांगितलं.

“आणि सांग, मी देणार नाही.”

माझे हात मध्येच अडले. अक्काने ते पाहिलं आणि सरांच्या समोरून बाजूला होऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

“सरांचं राहू दे,” ती म्हणाली. “ते परके आहेत. तू सांग. तू देशील का?”

आमच्या भाषेत नजर चुकवून बोलता येत नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “नाही.”

“तुझ्या काचेतली मी बरी झाले,” ती म्हणाली. “मी नाही.”

एवढं बोलून तिने दोन्ही हात अॅप्रनच्या खिशांत घातले, आणि मी तो काढून घेतल्यावर पदराखाली.

ज्यांच्या घरात कुणी बहिरं नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. आपण भांडलो की दार आपटतो, ओरडतो, निदान पाठ फिरवून तरी ऐकत असतो. अक्काने हात झाकले की तिचं तोंड बंद, आणि मान फिरवली की तिचे कानही बंद. उंब्रजपर्यंत वडापच्या जीपमध्ये आम्ही खेटून बसलो होतो. ती बाहेरच्या उसाकडे बघत होती. मी तिच्या तळहातावर काहीतरी सांगावं म्हणून हात पुढे केला, तर तिचा हात पदराखाली आणखी आत गेला.

घरी आईच्या लगेच लक्षात आलं.

“काय झालंय तुमच्यात? ही हात का काढंना बाहेर?”

मी सगळं सांगितलं. आई चुलीपुढून उठली, डंक्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

“खरंच शांत झाल्या व्हय गं तिच्या पेशी?”

“झाल्या.”

“मग दे की जरासं. कुणाला सांगायचं न्हाई.”

“आई, उद्या तिच्या जिवाला काही झालं म्हणजे?”

“आता तरी काय चांगलं चाललंय तिच्या जिवाचं?” आईचा आवाज फुटला. “सकाळी पातेल्यात हात घालून बसती, तवा माझ्याकडं बघती न् बघतच ऱ्हाती. काय सांगायचं असंल गं तिला? मला तर वाटतं, माझंच त्वांड कुणीतरी शिवलंय.”

फ्रीजमधली ती कणांची बाटली माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुधासारखं दिसणारं पाणी. आणायला अवघड नव्हतं. पुढचे कित्येक दिवस मी कॉलेजातून निघताना पिशवीची चेन स्वतःच दोनदा तपासायचे, जणू ती बाटली आपणहून आत येऊन बसली असती.

अक्का घरात वावरत होती, शाळेत जात होती. आईशी जेवढ्यास तेवढं बोलायची. माझ्याशी नाही. मी काही विचारलं तर डोळे मिटून घ्यायची. मला पहिल्यांदाच घर मुकं वाटायला लागलं. डंका दिवसभर धडधडत असायचा आणि मला वाटायचं, केवढी ही शांतता.

मग एके दिवशी शाळेचा शिपाई निरोप घेऊन कॉलेजात आला. कुमुदबाईंनी बोलावलंय, दुपारच्या तासाला या.

मी पोचले तेव्हा अक्का वर्गात शिकवत होती. मी दारातच थांबले. फळ्यावर तिने खडूने मोठाला सांधा काढला होता, त्यात गोल गोल राखणदार, प्रत्येकाला तोंड. मुलं बाकांवर गुडघे टेकून पुढे झुकली होती. अक्का मला दिसत होती ती एका बाजूने. खांद्यापासून हात हलवत होती, बोटांना जमत नव्हतं ते भुवयांनी, गालांनी करत होती. राखणदार कसा खवळतो ते तिने केलं तेव्हा सगळा वर्ग हसून बाकांवर पाय आपटायला लागला. मग तिने चिमूट चोळली, डोळे मिटले. तिने केलेली ती खूण साऱ्या वर्गाने एकदम केली. पोरांच्या इवल्या चिमटी, मिटलेले डोळे.

मग तिने पिवळ्या खडूने तीन ओळी काढल्या. तिसरी फिकी. “या माझ्या पेशी,” ती म्हणाली. “शांत झाल्यात.”

मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. आमच्यात टाळ्या अशा वाजतात.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात केला. “मग बाई, तुमचे हात कधी बरे होणार?”

अक्काने मान वळवली. मी दारात आहे हे तिला सुरुवातीपासून माहीत होतं.

“माझ्या बहिणीला विचारा,” ती म्हणाली. “तिने केलंय ते.”

सगळी मुलं वळली. तेवढे डोळे माझ्या हातांवर. मी आत गेले, कारण दारातून मागच्या मुलांना दिसलं नसतं. फळ्यापाशी अक्काच्या शेजारी उभी राहिले. काय सांगायचं ते मी दारापासून फळ्यापर्यंत येताना ठरवत होते: लवकरच, थोड्या वर्षांत, तुम्ही मोठे व्हाल तोवर. हात उचलले आणि त्यातलं एकही येईना.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “आधी उंदरांना द्यायचं. मग पुष्कळ तपासण्या. मग माणसांना. कदाचित तोवर बाईंच्या हातांना उशीर झालेला असेल. मला माहीत नाही.”

ती मुलगी अक्काकडे बघायला लागली, हे खरं का म्हणून. अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला, आणि तिने पदराखालून हात काढावेत तसे दोन्ही हात माझ्यापुढे आणले.

“खरं बोलली,” तिने वर्गाला सांगितलं. “डॉक्टर खोटं बोलतात, माझी आई खोटं बोलते, मीही बोलते. ही बोलत नाही.” मग माझ्याकडे वळून, वर्गाला पाठ करून, लहानसं म्हणाली, “बाटली घरी आणशील असं मला रोज वाटायचं. रोज संध्याकाळी तुझी पिशवी बघायचे. आणली असतीस तर मी घेतलं असतं.”

“मला माहीत आहे.”

“म्हणून आणली नाहीस?”

“म्हणून.”

तिने मान हलवली. आणि माझा तळहात ओढून घेऊन, त्या फुगलेल्या, हट्टी बोटांनी त्यावर काहीतरी लिहिलं. मला ते नीट लागलं नाही, आणि परत विचारायला नको वाटलं. तिला दुखलं असतं.

आमचे कण पुढे उंदरांना दिले. त्यांच्या पंजांची सूज उतरली. पेपर छापून आला, मुजावर सरांनी पेढे वाटले. मला हैदराबादला नोकरी लागली. माणसांच्या सांध्यांपर्यंत ते काम अजून पोचलेलं नाही. चाललंय, माझ्यासारखे पुष्कळजण त्यावर आहेत.

अक्काचा आजार पुढे दुसऱ्या एका औषधाने बराचसा आटोक्यात आला, पण बोटं तोवर वळली होती. चारही करंगळीच्या बाजूला कललेली, वाऱ्याने झोपलेल्या जोंधळ्यासारखी. ती शेवटपर्यंत शिकवत राहिली. बोटं सरळ होत नसतील तर मनगटाने, मनगट अडलं तर कोपराने, तिने आपलं सगळं बोलणं नव्या वळणावर घातलं. आम्ही फोनवर एकमेकींना बघून बोलायचो. मला तिचं सगळं कळायचं. तरी फोन ठेवला की मला तिचे जुने हात हवे असायचे. ते भरभर चालणारे, लग्नातली सगळी माणसं घरी घेऊन येणारे.

एका हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. टीबीने दुखावलेली फुप्फुसं होती ती, टिकली नाहीत.

ती गेल्यावर महिन्याभराने मी मुजावर सरांना फोन केला आणि अक्काच्या गोठवलेल्या पेशींच्या नळीचा नंबर सांगितला. पाठ होता. सर म्हणाले, “पिसाळ, जुने नमुने नियमाप्रमाणे मागेच नष्ट केले आपण.” मी बरं म्हटलं. त्यांनी विचारलं, “असते तर काय केलं असतंस?” भिंगाखाली धरून बघितलं असतं. दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी आईला भेटून परत निघाले होते. हायवेवर एका हॉटेलात चहाला थांबले. टेबलावर छोटी पाटी होती: आमचे वाढपी कर्णबधिर आहेत, कृपया खुणेने सांगा. गर्दी नव्हती. काउंटरपाशी दोन तरुण मुलं आपापसांत बोलत उभी होती. मी सवयीने बघायला लागले, कुणाचं बोलणं कानावर पडावं तसं. क्रिकेटवरून काहीतरी वाद चालला होता. आणि एकदम मला नीट बसवेना.

त्यातल्या एकाचे हात धडधाकट होते. लांब, सरळ, पंचविशीतली बोटं. पण बोलताना तो ती चारही बोटं करंगळीकडे कलती करत होता. जिथे बोटांनी वळायचं तिथे मनगटाने वळत होता, जिथे मनगट पुरे, तिथे कोपर उचलत होता.

मी हात केला. तो आला.

“कुठल्या शाळेत होतास?”

माझे हात बघून तो खुलला. “कऱ्हाडला. तुम्ही?”

मी त्याचा प्रश्न बाजूला सारला. “तू बोटं अशी का धरतोस?”

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. “कशी?”

“अशी. वाकडी.”

“वाकडी?” तो हसला. “असंच तर म्हणतात.”

माझ्यासमोर मेनूकार्ड उघडं पडलं होतं. मी ते मिटून ठेवलं आणि त्याला विचारलं, खायला काय काय आहे? तो सांगायला लागला. मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, कांदाभजी. मनगटातून, कोपरातून, ती बोटं कलती करत तो एकेक पदार्थ सांगत होता आणि मी बघत होते. यादी संपली. तो थांबला.

मला भूक नव्हती.

“लक्षात राहिलं नाही,” मी म्हटलं. “पुन्हा सांग. सावकाश.”